शाबूत

पारूबाई रोज सकाळी विचारायची, "कोण गं बाई तू? कोणाची?"

किल्लारीच्या भूकंपात तिची थोरली लेक महामाया गेली, त्यानंतर झालेली ही लुंबिनी. आता लातूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. मेंदूच्या पेशींना जगवणारं प्रथिन आटलं की नवं काही रुजत नाही, जुनी भीती मात्र खोल मुळं धरून बसते, हे पोरांना फळ्यावर चित्र काढून समजावायची. घरी आईला स्वतःचं नाव सांगून सांगून मात्र ती थकली होती.

त्या दुपारी शेजारी बोअरची गाडी लागली. जमीन हादरायला लागली, मांडणीवरची भांडी खणखणली. आधाराशिवाय न उठणारी पारूबाई ताडकन उठली. तिनं लुंबिनीचं मनगट गच्च धरलं आणि तिला ओढत अंगणात, भिंतीपासून लांब आणलं.

लुंबिनीचे डोळे भरून आले. "माय, वळखलंस मला?"



तिच्या केसांतली नसलेली माती झाडत पारूबाई म्हणाली, "वळखणार न्हाई व्हय, महामाया? ह्या बारीला हात सोडला न्हाई बघ म्या."