मटिल्डाआजीची दोन तिकिटं

घरातल्या मोठ्यांना विचारायची एलिसाला सवयच नव्हती. आजीच्या नावाने आलेली विमानाची दोन तिकिटं तिने परस्पर परत पाठवली. मटिल्डाआजीला ते कळलं तोवर ती विमानाने वेलंकनीला चालली, हे वटारभर, वस्तीतल्या घराघरांत झालं होतं. तिथल्या मातेसमोर लावायला शेजारणींनी एकोणतीस मेणबत्त्या आणून दिल्या होत्या. आता त्या कुठल्या तोंडाने परत करायच्या?

"फुकटचं घेतलं की खरं लिहिता येत नाही गं, आजी."

"लिही की! मी काय हात धरलाय तुझा?"

नऊ वर्षं ही पोरगी पेपरात तेच लिहीत होती. विमानं कोण नीट दुरुस्त करतं आणि कोण नुसत्या सह्या ठोकतं. तिकिटं पाठवणाऱ्या कंपनीच्याच मागे ती सध्या होती. तिथे एका विमानाचे ब्रेक न बघताच तपासल्याची सही झाली, असं एका कामगाराने तिला सांगितलं होतं. पण एकाच्या शब्दावर पेपर छापेना, आणि दुसरा कुणी तोंड उघडेना.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून दोघी घरी आल्या, तर ओटीवर कंपनीचा जेम्स बसलेला. हातात तोच लिफाफा.

"आजी, तुमचा मान म्हणून पाठवली होती. नातीचा उगाच गैरसमज झालाय."

आजीने हात पुढे केला. एलिसा खाली बघत राहिली.

"सतरा जानेवारीला आमचा ऑस्टिन दिवसभर त्या विमानाखाली ब्रेक तपासत होता," जेम्स म्हणाला. "सगळं बघूनच सही केली त्याने. माणिकपूरचा आहे, आपलाच मुलगा."

आजीचा हात तिथेच थांबला.

"आमच्या डेन्झिलचा मित्र, तो ऑस्टिन?"

"ओळखता तुम्ही?" जेम्स खुलला.

"न ओळखायला काय झालं! एलिसा, डेन्झिलच्या लग्नाचा अल्बम आण."

भावाच्या त्या लग्नाला एलिसा नव्हती. कामासाठी दिल्लीला गेली होती. आजीने त्याचा राग अजून सोडला नव्हता. अल्बमवर सोनेरी अक्षरांत यंदाचीच सतरा जानेवारी. आत डेन्झिल केक कापतोय आणि मागे ऑस्टिन दात काढून उभा.

"सकाळी मिस्सेला होता. शेवटचा पाहुणा उठला तेव्हाही मांडवातच होता. मी माझ्या हाताने तीनदा वाढलंय त्याला. मग विमानाखाली कोण झोपलं होतं रे, त्याचं भूत?"

जेम्सने लिफाफा खिशात घातला. चहालाही थांबला नाही.

"आजी, तुझं नाव छापू?" एलिसाने हळूच विचारलं.

"छाप. आडनावासकट छाप."

एलिसाने तिला मिठी मारली. आजीने ती सोडवली.

"लाडात येऊ नकोस. दुसरा साक्षीदार शोधत महिनाभर मुंबई पालथी घातलीस. घरात एकदा विचारायचं होतंस."