नातेवाइकाचा रकाना

तिच्या कोपराच्या खळग्यात सुईचे या महिन्यातले चार ठिपके होते, दर आठवड्याचा एक. रक्त याच टेक्निशियनने काढायचं, हा तिचा हट्ट; रिपोर्ट मात्र नेहमी नॉर्मल. त्याने दोनदा नंबर बदलला, एकदा घर. तिने सगळं शोधून काढलं. “बाईमाणूस तुझं काय वाकडं करणार, लेका? मजा आहे तुझी,” लॅबमधले म्हणायचे. तोही वर्षभर हे हसण्यावारी नेत होता. आज तिने फॉर्म पुढे सरकवला. जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात त्याच्या मुलीचं नाव होतं, शाळेच्या पत्त्यासकट. “गोड आहे हो पोर. काल गेटपाशी गप्पा मारल्या आम्ही,” ती बाही दुमडत म्हणाली. शेजारच्या टेबलावर कोणीतरी मुद्दाम खाकरलं. त्याने सुई ट्रेमध्ये ठेवली, हातमोजे काढले. “मला या बाईची भीती वाटते,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “मी पोलिसांत चाललोय.”