ट्रिगर जड झालाय

"ट्रिगर जड झालाय." वीणानं रायफलची लांब बॅग काउंटरवर आदळली. "हलका करून द्या. शनिवारच्या आत."

सुगावारा-साननं आधी बॅगेकडं पाहिलं, मग तिच्याकडं. जपानात, सेंदाईच्या बाहेर हायवेला लागून त्याचं बंदुकांचं दुकान. चौदा वर्षं ही बाई त्याच्याकडं येत होती. बंदूक तिनं कधी आदळली नव्हती.

"बाहेर काढा," तो म्हणाला.

चेन उघडली. रायफल अर्धी वर आली आणि वीणाच्या उजव्या हातातून सटकायला लागली. शेजारी उभ्या लक्ष्मणचे दोन्ही हात आपोआप पुढं गेले.

"हात लावू नकोस!" ती मराठीत ओरडली आणि कशीबशी रायफल छातीशी धरली.

लक्ष्मणनं हात खिशात घातले आणि डावीकडं जाऊन बुटांच्या शेल्फाला टेकला. नवरा असला म्हणून काय, लायसन्स तिचं, तर बंदूक तिनंच उचलायची. इथल्या कायद्यात त्याला माफी नाही. चौदा वर्षं हे असंच. बायको ओझं घेऊन पुढं, हा मोकळ्या हातांनी मागं. बघणाऱ्यांनी काय समजायचं ते समजा.

सुगावारा-साननं रायफल रिकामी आहे ना ते बघितलं. ट्रिगरला छोटा स्प्रिंगचा वजनकाटा अडकवला आणि ओढला. खट् झालं.

"दीड किलो." त्यानं जुनी वही काढली. "एप्रिलमधे दीड. गेल्या वर्षी दीड."

"तुमचा काटा बिघडलाय."

तो हसला नाही. आतून दुसरा काटा घेऊन आला. तोही दीडच म्हणाला.

वीणाचं डोकं फिरलं. "मग दीडाचा एक करा! स्प्रिंग बदलायची, एवढंच ना?"

"बदलता येते. पण मग नुसत्या धक्क्यानं सुटेल. डोंगरात तुमचा पाय घसरला तर गोळी कुणाला लागेल, सांगता येत नाही. मी करणार नाही."

"आणि शनिवारी डुक्कर माझ्याच बाजूनं फुटलं तर? शिकारीचा सगळा गट माझ्या भरवशावर उभा असतो."

"वीणा," शेल्फापासून लक्ष्मण हळूच मराठीत म्हणाला, "तुमच्या गटातल्या त्या इतो-सानचं सांग ना त्याला."

"तू गप्प बस."

"गेल्या रविवारी त्याच्या डोक्याच्या हातभर वर झाडात तुझी गोळी घुसली ते सांग."

"ट्रिगर जड होता म्हणून घुसली! ओढताना नळी हलली!"

"तेच म्हणतोय मी. एकदा डॉक्टरला हात दाखव."

"दाखवते ना. तो कागदावर लिहिणार. कागदावर आलं की लायसन्स गेलं. दहा वर्षं छऱ्याची बंदूक सांभाळली तेव्हा ही मिळाली, लक्ष्मण. परत दहा वर्षं थांबू? चौसष्टाव्या वर्षी घेऊ?"

"नको घेऊस. मार्चमधे मी रिटायर होतोय. बाणेरचा फ्लॅट रिकामाच आहे."

"आणि बाणेरला मी काय करू? भिशी?"

सुगावारा-सानला मराठीतलं एक अक्षरही कळत नव्हतं. तो फक्त तिच्या उजव्या हाताकडं बघत होता. ते लक्षात आलं तसा तिनं हात जाकिटाच्या खिशात घातला.

त्यानं रायफलमधे एक खोटं काडतूस सारलं आणि ती तिच्यापुढं धरली.

"समोर कॅलेंडरवर रानडुक्कर आहे. त्याच्या कानावर नेम धरा. ओढा. नळी कानावर राहिली तर मी चूक. ही उघडतो आणि पाहिजे ते करून देतो."

"आत्ता?"

"आत्ता."

नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हणणं म्हणजे सांगून टाकणंच. वीणानं दस्ता खांद्याला लावला. दुकान अरुंद, खिडक्यांना गज, हीटरचा रॉकेलचा वास. कान नीट दिसत होता. काळा, केसाळ, रुपयाएवढा. चाळीस मीटरवरून तिनं याच्या निम्मा नेम मारलेला होता. तिनं श्वास अर्धा सोडला आणि बोट मागं घेतलं.

बोट आलंच नाही.

जोर लावला. बोट ट्रिगरवर नुसतं पडून राहिलं, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. सुगावारा-सान बघतोय, हे तिला न बघता कळत होतं. मग तिनं दुसरंही बोट आत घातलं, दात आवळले आणि कोपरापासून ओढलं.

खट्.

नळी कानावर नव्हती. कॅलेंडरवरही नव्हती. पार डावीकडं, बुटांच्या शेल्फावर गेली होती.

सुगावारा-साननं दोन बोटांनी नळी हळूच खाली केली.

वीणानं झटकन शेल्फाकडं पाहिलं. तिथं लक्ष्मण नव्हता. तिनं नेम धरला तेव्हाच तो तिथून निघून तिच्या पाठीमागं येऊन उभा राहिला होता.

"तुला माहीत होतं?"

लक्ष्मणनं खाली बघितलं.

"घरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं मी रोज सकाळी सैल करून ठेवतो, वीणा. होळीपासून."