जुने सेल

गावची आशा कार्यकर्ती राहीबाई हिला छाती दाबायचा ठेका देणारी टकटकणारी डबी देताना उपकेंद्राच्या रुपाली सिस्टरांनी एवढंच बजावलं होतं, "ठोक्यावर छाती दाबायची. मी सांगेपर्यंत डबी बंद करायची नाही."

पंधरवड्यापूर्वी जामखेडच्या बाजारात गावातल्या रंगनाथचं काळीज थांबलं, आणि राहीबाईनं त्या ठोक्यावर छाती दाबून दाबून त्याला परत आणला. आज ती त्याला घेऊनच प्रशिक्षणाला आली. पिशवीत डबी टकटकतच होती.

"अजून चालूच?"

"तुमी बंद कर म्हनला न्हाई."

सिस्टर हसल्या. जमलेल्या बायांना दाखवायला त्यांनी रंगनाथची नाडी धरली. मिनिटाला एकशेदहा. डबीचा ठोकाही तेवढाच. चालून आलाय, म्हणून त्यांनी त्याला अर्धा तास बसवलं. नाडी तीच, ठोक्याला ठोका.

मग डबी किंचित रेंगाळली. बोटांखालची नाडीही रेंगाळली.

"सेल उतरलं असत्याल," राहीबाई म्हणाली. "नवं आनल्यात म्या."

रंगनाथनं भिंतीला डोकं टेकलं. त्याचे ओठ निळसर दिसत होते.

नवे सेल मुठीत धरून सिस्टरांनी डबी उलटी केली. नवे घालायचे तर आधी जुने काढावे लागणार होते.