ओटीचा नारळ

"अंजने, वटी भर तिची. गाडी चुकंल लोणंदची," बयाबाई सासू म्हणाल्या.

धाकटी जाऊ सुला पाटावर पदर पसरून बसली होती. तिचा नवरा कृष्णात बाहेर, स्टेशनावर न्यायला आलेल्या जीपमध्ये. मिलिटरीतून रजेवर आलेला गडी. पुण्याच्या एका डॉक्टरकडून सुलाचं पोट कापून आतली चरबी काढून आणायची, असा त्याचा बेत. सुटलेल्या पोटाची बायको पलटणीत न्यायची त्याला लाज वाटत होती म्हणे. पाकिस्तानला न भ्यालेला हा शूर, दोन लेकरांच्या आईच्या पोटाला भ्याला!

अंजनाने ताट उचललं. तांदूळ, खण, नारळ. पण हात पुढे जाईना.

"आक्का," सुला हळूच म्हणाली, "तुमच्या पोटातला गोळा काडला, तवा लय दुखलं का वं?"

वर्षभर गावाला हेच सांगितलं होतं. अंजनाने ताट खाली ठेवलं.

"गोळा न्हवता गं. त्याच डाक्टरनं चरबीच काडली माजी."

"अंजने!" बयाबाई कडाडल्या.

"आता गप बसायची न्हाई, आत्याबाई."

दाराकडे पाठ करून तिने कमरेचा वेढा सैल केला, पोटाला बांधलेलं फडकं सोडलं. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत काळा, आवळलेला व्रण. एका कडेला अजून ओला. बेंबी नव्हतीच. सुलाने तोंडावर हात धरला.

"पू झाला. कातडी सडली. तरी मी वाचली. शेजारच्या खाटंवरची बाई नुसती उठाय गेली आन पडली. पायात रगताची गुठळी हुती, ती छातीत गेली म्हनं. तिचा नवराबी असाच खाली गाडीत बसला हुता."

हॉर्न वाजला. "वयनी, आटपा की!"

अंजनाने लुगडं सावरलं आणि दारात जाऊन उभी राहिली. "भावजी, दुष्काळात रेशनची लाल मिलो जवारी खाऊन हिची हाडं वर आली हुती. तवा कुनाला लाज वाटली न्हाई ती!"

कृष्णातने तोंड फिरवून पुन्हा हॉर्न दाबला. बयाबाईंना मात्र आता रडूच कोसळलं.

"भर गं बाई वटी. रिकाम्या वटीनं सवाशीन उंबरा वलांडत न्हाई ह्या घरात."

"मग नगं वलांडू दे."

अंजनाने ताटातला नारळ उचलला आणि उंबऱ्याच्या दगडावर दाणकन आपटला. पाणी बाहेर पायरीवरून जीपच्या दिशेने ओघळलं. कोयत्याच्या टोकाने तिने खोबऱ्याची अर्धी वाटी सोडवली आणि सुलाच्या हातात दिली.

"खा."

बाहेर हॉर्न वाजतच होता. सुलाने पदर खांद्यावर घेतला, पाटावर नीट मांडी घातली आणि खोबऱ्याचा मोठा घास तोडला.