पिशवीत मावेल ते

वाचनालय शेवटी वाचलं. पण ही बातमी आपल्या कानावर आलीच नाही असं समजू. कारण शनिवारी सकाळी त्याच्या दारावर जुन्या पुस्तकांच्या विक्रीचा फलक लागला होता, आणि सोमवारी ते पाडून तिथे गाड्या लावायची सोय होणार होती.

वाचनालय म्हणजे तरी काय, पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. समोरच्या दुकानात ताई मालट्रकांच्या ताडपत्र्या शिवायच्या. त्या वाचायला शिकल्या ते याच खोलीत. दातांची डॉक्टरीण आणि बसचा कंडक्टर हे दोघं जिवलगही त्यांना इथेच मिळाले, एका फाटक्या पुस्तकावरून झालेल्या मारामारीत. आता तिघांचे केस पिकले होते. मारामारी मिटली नव्हती.

“ते मी आधी पाहिलं!” कंडक्टर ओरडला.

“पाहिलंस तू, उचललं मी. रुमाल टाकून जागा धरायला ही तुझी बस नव्हे.”

“आणि तू वाचणार कधी? पेशंट तोंड उघडून बसल्यावर?”

ताई हसल्या, पण त्यांचं लक्ष भिंतींकडे होतं. गळ्यातली टेप काढून त्यांनी कपाट मोजलं, मग खिडकी, मग दार.

“अगं, एखादं पुस्तक घे की!” डॉक्टरीण म्हणाली.

“उद्या घेते. एकदम.”

रविवारच्या शेवटच्या तासाला खास सवलत होती: एक पिशवी, एक दाम, पिशवीत मावेल ते तुमचं. उरेल ते रद्दीत.

“अध्यक्षसाहेब, पिशवी घरची चालेल?” ताईंनी विचारलं.

“चालेल की.”

“जरा मोठी असली तर?”

वाचनालय समितीचे अध्यक्ष माइक हातात असला की उदार व्हायचे. “बाई, केवढीही आणा! आत मावलं ते तुमचं. आम्ही दिलेला शब्द फिरवत नाही!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी त्या मान झुकवून स्वीकारल्या.

घरी परतायच्या ऐवजी तिघं ताईंच्या दुकानात शिरले. मशीन धडधडू लागलं. हिरड्यांना टाके घालणारा डॉक्टरणीचा हात कोपरे शिवायला बसला. कंडक्टरने तिकिटाच्या चिमट्याने नाड्यांसाठी भोकं पाडली आणि प्रत्येक भोकाला “पुढे चला” म्हटलं.

“टिकेल ना गं?” त्याने विचारलं.

ताईंनी शिवण दोन्ही हातांनी ताणून दाखवली. “माझी शिवण घाटात उसवली नाही, वादळात उसवली नाही. पुस्तकं काय दंगा करणार आहेत?”

रविवारी शेवटचा तास सुरू झाला. ताईंनी पैसे भरले आणि शिक्क्याची पावती घेतली. कंडक्टरने “मागचे पुढे व्हा, पुढचे उतरा” करत सगळी गिऱ्हाइकं बाहेर काढली. सवयच ती, माणसं निमूट उतरली.

“पिशवी कुठाय?” अध्यक्षांनी खुर्चीतूनच विचारलं.

“बाहेर आहे, साहेब. तुम्ही बसा, उठायची तसदी घेऊ नका.”

बाहेर शिडी लागली. डॉक्टरीण पदर खोचून छपरावर चढली आणि कंडक्टरने दोर ओढला. पिशवी उलटी होऊन छपरावरून सरसर खाली उतरली. खिडक्या झाकल्या, दार झाकलं, पार जोत्यापर्यंत. नाड्या आवळल्या गेल्या. कुठे सुरकुतीसुद्धा नाही. ताई चार पावलं मागे सरल्या आणि आपल्या पिशवीतल्या वाचनालयाकडे कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. एवढ्यात काठाखालून एक कागद बाहेर सरकला: “प्रति, पिशवीच्या मालकीणबाई. विषय: खरेदीतून वगळणेबाबत. महोदया, अर्जदार हा पुस्तक नसून समितीचा अध्यक्ष आहे. तरी त्यास मावलेल्या मालात धरण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.”