हसला की पडतो

मानसिंगनं तिसरी लाथ घातली तोवर वीरधवलचे गुडघे गेलेच होते. मान लुळी पडली, जबडा सुटला आणि धाकटा भाऊ घराच्या पुढच्या सोप्यात आडवा झाला. फुटलेल्या ओठातून रक्त फरशीवर गळत होतं.

"झोपलं बघ," मानसिंग बायकोला म्हणाला. "मार खाताना बी झोपतंय. असलं नाटक उभ्या कुंडल गावात कुणी बगितलं नसंल."

वीरधवलचा गुन्हा एवढाच, की सकाळी कडेगावचे पाहुणे मानसिंगच्या लेकीला, राजनंदिनीला बघायला आले आणि चहा देता देता तो कशावर तरी हसला. हसला तो कपबशांसकट पाहुण्यांच्या पायांवर कोसळला. मुलाच्या बापानं धोतर झटकत विचारलं, "ह्ये तुमच्या घराण्यातच हाय काय?"

मिरजेच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. मूळ रक्तात असू शकतं, पण नुसत्या रक्तानं काही होत नाही, वर एखादा जोराचा ताप लागतो. वीरधवलला तो स्वाइन फ्लूच्या साथीत आला. तेव्हापासून दिवसाढवळ्या झोप त्याच्या डोळ्यांवर बसलेली. हसला किंवा चिडला, की अंगातली ताकदच जायची. मानसिंगनं गावात सांगितलं, भाऊ आळशी आहे, पडतो ते सोंग. आळशी काका सोयरिकीत खपतो, रक्तातलं दुखणं खपत नाही.

राजनंदिनी त्याची एकुलती एक. फौजेत सतरा वर्षं काढली ती तिच्याकडे बघून. आज पोरीनं दाराआड उभं राहून तो प्रश्न ऐकला होता.

शालूबाई दिराच्या तोंडावरचं रक्त पदरानं पुसत होती. "आवं, मरंल की ह्यो."

"मरायलाच पायजे." मानसिंग भावाच्या उशाशी टेकला आणि थंडपणे बोलू लागला. "उद्या सकाळी हिरीवर न्हेतो. काठावर हुबा करतो आन हसवतो. हात बी लावायचा न्हाई. हसला की पडतो, समद्या गावाला ठाव हाय."

शालूबाईचा हात थांबला. "पाठचा भाऊ हाय तुमचा."

"आन नंदा पोटची पोर हाय."

शालूबाई रडली, पण पुढे एक शब्द बोलली नाही. तिचीही लेक होती. तरी बोलायला हवं होतं.

सकाळी वीरधवलनं नेहमीसारखा थोरल्याला चहा आणून दिला. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. दसऱ्याला मानसिंग आठ दिवस तापानं फणफणला होता, तेव्हापासून त्याचं अंग जड असायचं. आताही चहा पिता पिता त्याची मान पुढे झुकली. कलंडणारा कप वीरधवलनं वरच्यावर धरला आणि भावाकडे जरा वेळ बघत राहिला.

"डुलकी लागली व्हय, दादा?"

"उसाच्या पाण्यासाठी रातरात जागतोय, लागंल न्हाई तर काय. चल, मोटर बगून यू."

विहीर पन्नास फूट खोल, तिला कठडा नाही. मानसिंग काठावर गेला, वीरधवलला शेजारी उभं केलं. त्यानं लेकीचा चेहरा आठवला आणि तोंड उघडलं.

"गुंडा पैलवानाची कुस्ती आठवतीया का रं?"

"व्हय की."

"लंगोट सुटला, तरी गड्यानं चितपट केली. मग सरपंचाचा फेटा कमरंला गुंडाळून पळाला."

मानसिंगची नजर भावाच्या गुडघ्यांवर होती. ते वाकले नाहीत.

"पुढचं तुला ठाव न्हाई, त्याच राती तू फौजेत परत गेलास," वीरधवल गंभीरपणे म्हणाला. "दुसऱ्या दिशी पंधरा ऑगस्ट. सरपंचाकडं दुसरा फेटा न्हाई. त्योच झटकून डोस्क्याला बांधला, झेंड्याला सलाम ठोकला. गुंडा पयल्या रांगंतनं वराडला, सरपंच, गाठ आवळून मारा, माजी सुटली व्हती!"

फौजेतून आल्यापासून मानसिंगला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. आज हसू त्याच्या पोटातून उसळलं. तो खदाखदा हसला आणि त्याचा जबडा सुटला. काही बोलावं तर जीभ हलेना. गुडघे गेले. खाली जाताना दगडावर डोकं आपटून फुटलं आणि तो धाडकन पाण्यात आदळला.

तो उताणा तरंगत होता. डोळे टक्क उघडे. पाण्यात रक्त पसरत होतं. भरल्या पुरात कृष्णा पोहून जाणारा गडी, पण त्याला एक बोट हलवता येईना. नाकात पाणी शिरलं. ओरडायचं होतं, ओठ हलले नाहीत.

वर काठावर वीरधवल ताठ उभा होता. तो हसलाच नव्हता. तो सावकाश उकिडवा बसला आणि खाली वाकून बोलला.

"अंग जातं, दादा. कान जात न्हाईत. काल सोप्यात बी कान गेलं नव्हतं."